कॅथरिनच्या मुलीचं पान

हे मी मंजिरीलाही सांगितलेलं नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात बायकोपासून लपवलेली ही एकच गोष्ट — एकच, मोजून सांगतो — आणि तीही आमच्या बेडरूमच्या खिडकीतून रोज दिसणाऱ्या घराबद्दलची. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. बघू.

आम्ही मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत राहतो. माझं काम रुग्णांच्या नोंदी जुळवण्याचं. एकाच नावाच्या, साधारण एकाच वयाच्या दोन बायका कागदावर आल्या, तर त्या खरंच दोन आहेत की एकच बाई दोनदा आली आहे, हे मी ठरवतो. चुकीचं जुळलं तर एकीची औषधं दुसरीला जातात. अठरा वर्षांत माझ्या हातून तशी चूक झालेली नाही. ही फुशारकी नाही. उलट, हे माहीत असल्याशिवाय पुढचं तुम्हाला समजणार नाही.

कुंपणापलीकडे बेव्ह राहायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, विधवा, एकटी. तिची एक खापरपणजी होती, कॅथरिन. आयर्लंडमध्ये शाल चोरली म्हणून सात वर्षांची शिक्षा होऊन जहाजातून टास्मानियाला पाठवलेली. आपल्याकडे घराण्यातलं कुणी तुरुंगात गेलं असेल तर ते स्वातंत्र्यासाठी गेलं असं सांगायची पद्धत आहे. इथे तसं नाही. असा चोर पूर्वज सापडला तर लोक त्याचा कागद फ्रेम करून हॉलमध्ये लावतात. बेव्हला मात्र फ्रेम नको होती. तिला एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं.

कॅथरिनबरोबर जहाजात तिची वर्षाची मुलगी होती, एलेन. होबार्टला उतरल्यावर आईला मोलकरीण म्हणून कुणाच्या तरी घरी पाठवलं आणि मूल सरकारी अनाथालयात गेलं. पुढे कॅथरिन सुटली, तिने लग्न केलं, तिला मुलगा झाला, आणि त्याच्या वंशात बेव्ह. पण एलेनचं काय झालं? आईने तिला परत आणली का? घरात कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये कुंपणाशी उभं राहून बोलता बोलता मी तिला सांगितलं होतं, की आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम मी पाच वर्षं केलंय, चौदा पिढ्या लावल्यात. तिने वंशवेल बघायला मागितली. मी फोनवर दाखवली. तिने बराच वेळ बोटाने वर-खाली करून पाहिलं आणि विचारलं, की यात सगळे पुरुषच दिसतात, तुमच्याकडे बायका काय ढगातून पडतात? मी म्हणालो, मुली लग्न होऊन दुसऱ्यांच्या पुस्तकात जातात. ती म्हणाली, आणि त्या पुस्तकात त्यांचं नाव असतं? त्याच संध्याकाळी मी तिच्या कॅथरिनचं काम हातात घेतलं. निदान एका बाईचा माग नीट काढून दाखवावा, एवढंच मनात होतं. तोवर माझ्या मनात काही वाईट नव्हतं. हे महत्त्वाचं आहे का? कदाचित नाही.

मे महिन्यात तिने मला दुसरी गोष्ट सांगितली. लिंबाच्या झाडाची छाटणी करत होती, माझ्याकडे न बघता बोलत होती. सतराव्या वर्षी तिला मुलगी झाली होती. लग्न झालेलं नव्हतं. बाळाचं तोंडही दाखवलं नाही, कागदावर सही घेतली आणि कुणाला तरी देऊन टाकलं. पुढे तिला मूल झालं नाही. आणि आता ती मुलगी, म्हणजे साठीची बाई, तिने शोध घेऊन अ‍ॅडलेडहून पत्र पाठवलं होतं. वर्ष झालं होतं. बेव्हने उत्तर दिलं नव्हतं.

“कॅथरिनने तिची पोर परत आणली असेल,” ती म्हणाली, “तर मी पत्र लिहीन.”

आणि हसली. मीही हसलो. पण ती थट्टा नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकलो असतो, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

ऑगस्टमध्ये पुण्यात आई गेली. करोनाने. मी एकुलता एक मुलगा. बहीण सुमाताई नाशिकला, तिच्या घरात तिघं पॉझिटिव्ह. विमानं नाहीत, इथून निघायला परवानगी नाही. महापालिकेच्या माणसांनी आईला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेलं. खांदा द्यायला घरचं कुणी नव्हतं. चार माणसं — आईला चार माणसं मिळाली नाहीत. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तोच आकडा होता.

म्हणून दहाव्याला मी तीन मित्रांना बोलावलं. ते तीन आणि मी, चार. तेव्हा कुणाच्याही घरी जायला बंदी होती. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे न जाण्याचा नियम होता आणि एक जण तर अकरा किलोमीटरवरून आला. मला सगळे नियम पाठ होते. मी समजून उमजून मोडले. खांद्याची चार माणसं दहाव्याला जमवून काय साधणार होतं? काही नाही. पण मला ती हवी होती.

मागच्या अंगणात पानावर पिंड ठेवले. गुरुजी पुण्याहून स्क्रीनवर. इथले कावळे आपल्यापेक्षा मोठे, डोळे पांढरे, आवाज रडक्या पोरासारखा. एक कावळा कुंपणावर येऊन बसला, पण उतरेना. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववा, चालतं. मी नाही म्हणालो. आईचं काय राहिलं असेल ते एकेक करून मोठ्याने बोलू लागलो. सुमाताईला अंतर देणार नाही. तुझं घर विकणार नाही. तिच्या धाकटीचं लग्न मी करून देईन. हे ऐकून तो कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून पिंडापासून हातभर अंतरावर आला, मान वाकडी केली —

आणि दाराची बेल वाजली. पोलीस.

सगळ्यांना पुढच्या दाराशी बोलावलं, नावं, पत्ते, लायसन्सं. वीस मिनिटं गेली. दंड झाला, तो भरला, त्याचं मला काही नाही. पोलीस पोरं सभ्य होती, एक तर सॉरी म्हणाला. मित्र गेले. मी मागे आलो तर पिंड नव्हते. पान उलटं पडलं होतं. कावळ्याने नेले, मॅगपाय नावाच्या इथल्या पक्ष्याने, की शेजारच्या मांजराने? मी पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. आई शांत झाली की नाही, हे मला या जन्मात कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी बेव्ह कुंपणाशी आली, मास्क लावून, ताठ.

“फोन मी केला होता, अभय. तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.” मग म्हणाली, “माझी बहीण सात आठवडे वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये एकटी आहे. मला तिच्या खिडकीपाशीसुद्धा जाऊ देत नाहीत. मी जात नाही. मग तुझ्या अंगणात चार माणसं का?”

चार. तिनेही मोजली होती.

तिला आईचं माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. मी ‘नो वरीज’ म्हणालो. एकोणीस वर्षं इथे राहून एवढं शिकलोय. तिचं खरं होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि त्यामुळेच राग जास्त आला. खोटं बोलणाऱ्या माणसावरचा राग भांडून संपतो. हिच्याशी भांडायला माझ्याकडे मुद्दाच नव्हता. मी घरात आलो, लॅपटॉप उघडला आणि कॅथरिनचं राहिलेलं काम पुढे सुरू केलं. पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देऊन. का, ते मी स्वतःशीही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी अनाथालयाच्या रजिस्टरमध्ये ती मुलगी सापडली. म्हणजे दोन सापडल्या. दोघींचं नाव एलेन, आडनाव एक, आयांचं नावही एकच. एक सहा वर्षांची, दुसरी आठची. पहिलीपुढे तापाने वारल्याची नोंद. दुसरीपुढे, बारीक तिरप्या अक्षरात — आईच्या ताब्यात दिली. जहाजाचं नाव दोन्हीकडे होतं, पण वेगवेगळं. बेव्हची कोणती, हे ठरवायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. तीन खुणा जुळत होत्या. आठची ती आपली. कॅथरिनने शिक्षा संपताच लग्न केलं होतं, आणि लग्नानंतर सव्वीस दिवसांनी अनाथालयात जाऊन पोर परत आणली होती. मी तारखा वजा करून पाहिल्या. सव्वीस.

मला आनंद झाला, हे सांगायला हवं. कामाचा आनंद. मी उठलो, पाणी प्यायलो, आणि परत बसलो तेव्हा मला काय करायचं ते ठरलं होतं.

मी पहिल्या एलेनचं पान छापलं. वारलेल्या पोरीचं. पट्टी घेऊन तिच्या नावाखाली सरळ लाल रेघ मारली. कागद खरा होता, सरकारी होता, त्यात मी एक अक्षर बदललं नाही — फक्त जहाजाच्या नावाची कडेची ओळ छापताना बाहेर ठेवली. वर एक चिठ्ठी जोडली, की वाईट वाटतं, पण नोंद स्पष्ट आहे, शंकेला जागा नाही. सकाळी दहाला तिच्या लेटरबॉक्समध्ये टाकलं आणि वर येऊन खिडकीत उभा राहिलो.

ती गाऊनमध्ये बाहेर आली. ड्राइव्हवेवरच पाकीट फोडलं. वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा वाचलं, म्हणजे काय करत होती कोण जाणे, चष्म्याशिवाय तिला दिसत नसे. तिथेच लेटरबॉक्सला धरून उभी राहिली. मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. आणि त्या अकरा मिनिटांत मला जे वाटलं त्याला मी दुसरं नाव देणार नाही. बरं वाटलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी हललं. मला मंजिरीने खालून हाक मारली, चहा होतोय म्हणून, आणि मी ‘आलो’ म्हटलं तो आवाज चक्क मोकळा होता.

आठवड्याने बेव्ह कुंपणाशी आली आणि तिने माझे आभार मानले. इतकी मेहनत कुणी करत नाही म्हणाली. मग म्हणाली, “ते पत्र मी ठेवून दिलं. कॅथरिनला नाही जमलं तर मी कोण?”

तेव्हा सांगता आलं असतं. ‘थांब, पुन्हा एकदा तपासतो’ एवढंच म्हणायचं होतं. कुणीही चुकतं. माझ्यावर कुणी संशयही घेतला नसता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, तुझी बहीण कशी आहे? ती गेली होती. दहा दिवसांपूर्वी. बेव्हने व्हिडिओवर पाहिलं होतं. हे ऐकूनही मी पानाचं खरं सांगितलं नाही. वाईट वाटलं, पण ती गेलेली बहीण मी मनातल्या हिशोबात बेव्हच्या बाजूला धरली नाही. माझा राग तसाच होता. तो मी रोज ताजा ठेवत होतो, पुढचं जवळजवळ वर्षभर, कुंपणावरून हात हलवताना, तिने दिलेले लिंबू घेताना. मंजिरीने त्या लिंबांचं लोणचं घातलं. मी ते खाल्लं.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात बेव्ह झोपेत गेली. तेव्हाही लॉकडाऊनच होता. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. मंजिरी म्हणाली, तिला दहा मिळाली तरी असतील का बाई.

राज्यांच्या सीमा उघडल्यावर एका दुपारी आमची बेल वाजली. साठी ओलांडलेली एक बाई, हातात कार्डिगन. हनुवटी बेव्हची. मी नाव विचारायच्या आतच ओळखलं. वकिलाकडून कळलं म्हणाली, घर बघायला आले. शेजारी तुम्हीच ना? मग जरा थांबून, जमिनीकडे बघत तिने विचारलं, की माझी आई माझ्याबद्दल कधी काही बोलायची का. एकदा तरी.

तिचं पत्र बेव्हने ठेवून का दिलं, हे जगात फक्त मला ठाऊक होतं. लिंबाच्या झाडाखालचं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ होतं. खरं पान वर, माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. जिना चढायला किती वेळ लागतो? ती बेव्ह नव्हती. तिने कुठे फोन केला नव्हता. तिने माझं काही केलं नव्हतं.

“आमची ओळख फक्त कुंपणापुरती,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, थँक्स म्हणाली, आणि कार्डिगन अंगात घालत गाडीकडे गेली. ऊन होतं तरी. मी दार लावलं. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते लिहितो, कारण ते टाळलं तर वरचं सगळं लिहिणं खोटं ठरेल. मनात आलं — आपल्या आईचं हिलाही कधी कळणार नाही, आता बरोबरी झाली.