जोडकाकूंची तीन तारांची पाटी

जोडकाकूंचं खरं नाव गल्लीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना आठवत नाही. वळणदार, एकमेकांत गुंतलेली अक्षरं पुठ्ठ्यातून कापून द्यायची, आणि तीही अशी, की एका टोकाला धरून उचललं तर अख्खं नाव माळेसारखं वर यावं, ही त्यांची ख्याती. म्हणून जोडकाकू. एकदा गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून एक गृहस्थ भाचीचा फोटो घेऊन आले आणि खुर्चीत बसून मुलगा कसा हवा ते सांगू लागले. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "अक्षरं असली तर जोडते हो. माणसं जोडायला माझं मशीन पुरायचं नाही." गृहस्थ ओशाळले, पण जाताना भाचीच्या नावाची पाटी सांगूनच गेले.

काकू मूळच्या भरतकामवाल्या. सव्वीस वर्षं कारखान्यात पायमशीनवर बसून त्यांनी दवाखान्याच्या चादरींवर, शाळेच्या गणवेशांवर नावं भरली. तिथली मुकादमीण एकच गोष्ट सांगायची, ती म्हणजे दोरा तोडायचा नाही. या अक्षरातून त्या अक्षरात जायचं ते दोऱ्यासकट. सव्वीस वर्षं असं केल्यावर व्हायचं तेच झालं. कुणाचंही हस्ताक्षर दिसलं की काकूंचं बोट हवेत फिरायला लागायचं, आणि लिहिणाऱ्याचा हात कुठून शिरला, कुठे रेंगाळला, कुठून बाहेर पडला, ते त्या डोळे मिटून सांगायच्या.

संगणकाला जोडून पुठ्ठा कापायचं मशीन आणलं सुनेनं. हौसेनं आणलं, चार वाढदिवसांची कार्डं कापली, हौस फिटली आणि मशीन फडक्याखाली गेलं. काकू निवृत्त होऊन घरी बसल्या तेव्हा रोज त्या फडक्याकडे बघायच्या. शेवटी सूनच म्हणाली, "आई, हात लावा. चावत नाही ते."

पहिलंच काम शेजारच्या बाळाच्या पाळण्यावर लावायच्या नावाचं. पडद्यावर अक्षरं कशी, गळ्यात गळे घालून उभी! काकूंनी बटण दाबलं, पातं सरसर फिरलं, आणि उचलायला जातात तो हातात नुसता चुरा. झालं होतं असं, की मशीन पडलं आज्ञाधारक. त्याने प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापली, आणि जिथे एक दुसऱ्यावर चढलं होतं तिथे दोन्हींची कापली. सुनेला हसू आवरेना. मग तिने ते दुसरं बटण दाखवलं, जे दाबलं की चढलेल्या कडा विरघळतात आणि सगळ्या नावाची मिळून एकच कड उरते. त्याचं इंग्रजी नाव काकूंच्या जिभेवर बसेना. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'एकजीव'. अक्षरं सरकवून एकमेकांच्या अंगाला आणायची, एकजीव करायची, आणि मगच पात्याला हात लावायचा. तेव्हापासून आजतागायत काकूंनी कापलेलं नाव घेऊन कुणी परत आलं नाही. एक अपवाद सोडून, आणि सांगायचं आहे ते त्याचंच.

एका बुधवारी घड्याळवाल्यांची मुलगी बुटाचं खोकं घेऊन आली. घड्याळवाले म्हणजे नाक्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानाचे मालक, राहायलाही दुकानाच्याच वर. चाळीस वर्षांत त्यांनी दुकानावर पाटी लावली नाही, कारण गरजच पडली नाही. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला ते पुठ्ठ्याची छोटी चिठ्ठी बांधायचे आणि तिच्यावर अक्षराला अक्षर जोडून, शिरोरेषा न ओढता दोनच शब्द लिहायचे, 'उद्या नक्की'. तो उद्या कधी आठवड्याने उजाडायचा, कधी महिन्याने. लोक दुकानालाच 'उद्या नक्की' म्हणायला लागले.

"बाबांचा उजवा हात गेला, काकू," मुलगी म्हणाली. "पाच महिने झाले. दुकान बंद आहे. आता सोमवारी मी उघडतेय."

"तुला येतं ना सगळं?"

"हाताने येतं. कानाने नाही. बाबा नुसती टिकटिक ऐकून कुठलं चाक दुखतंय ते सांगतात. ते शेजारी बसले तर दोन वर्षांत मी शिकेन. पण ते खाली उतरायलाच तयार नाहीत. मी एक छापील पाटी करून आणली होती, तर म्हणाले, हे कुणाचं दुकान? आणि तोंड फिरवून बसले."

खोक्यात घड्याळांवरून सोडवून ठेवलेल्या दोनशेच्या वर चिठ्ठ्या होत्या. मुलीला त्याच अक्षरातली 'उद्या नक्की' अशी पाटी हवी होती, काचेमागे तारेनं टांगायची, मागे फळीबिळी काही नाही. म्हणजे सगळं एका तुकड्यात हवं. काकूंचं हवेतलं बोट तेव्हाच सुरू झालं होतं.

त्यांनी चिठ्ठ्यांतली सर्वांत देखणी चिठ्ठी निवडली, फोटो काढून पडद्यावर मोठी केली. जिथे हात थरथरला होता तिथे रेघ सरळ केली, जिथे फट होती तिथे जोड घातला, एकजीव केलं आणि जाड काळ्या पुठ्ठ्यातून कापलं. सून बघतच राहिली. "आई, हे तर लग्नपत्रिकेसारखं झालं." शुक्रवारी सकाळी मुलगी पाटी घेऊन गेली आणि दुपारी पाटीसकट परत आली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे. कुणाचं आहे?"

काकूंना लागलं ते. कारखान्यातली सव्वीस वर्षं अधिक या मशीनवरची सहा वर्षं, आणि कुणी असं विचारलं नव्हतं. पण काकूंची थोरवी इथेच. दुसरी कुणी असती तर म्हातारा चक्रम आहे म्हणून मोकळी झाली असती. काकूंनी पलंगावरची चादर झटकली आणि दोनशे चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. सून म्हणाली, "पत्ते मांडताय की काय?" काकूंचं बोट एकेका चिठ्ठीवरून फिरत राहिलं, आणि दर वेळी एकाच जागी अडखळलं. दुसऱ्या शब्दाच्या ऐन मध्यात. प्रत्येक चिठ्ठीत तिथे पेन उचललेलं होतं. कुठे बारीक फट, कुठे केसाएवढी ओढलेली रेघ. काकूंनी हा दोष समजून बुजवला होता.

शनिवारी सकाळी त्या जिना चढून घड्याळवाल्यांच्या घरी गेल्या. ते खिडकीशी बसले होते, उजवा हात मांडीवर उशीसारखा ठेवलेला.

"तुम्हीच का त्या? माझं अक्षर सुधारलंत ते?"

"हो, मीच. आता बिघडवायला आलेय. एक सांगा, 'नक्की' लिहिताना तुम्ही मध्येच थांबायचात का?"

घड्याळवाल्यांच्या मिशीत काहीतरी हललं. "चाळीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. अहो, डोळ्याला भिंग लावलेलं असायचं, मान खाली. 'उद्या' लिहायचो, 'नक्की' अर्धं लिहायचो, आणि मान वर करून गिऱ्हाइकाचं तोंड बघायचो. त्याचा विश्वास बसतोय असं दिसलं, की उरलेलं लिहायचो."

"आणि नाही बसला तर?"

"तर जरा जास्त वेळ बघायचो."

काकू जिना उतरल्या त्या हसतच. पण घरी येऊन पडद्यासमोर बसल्यावर हसू मावळलं. फट ठेवावी तर पाटीचे दोन तुकडे होतात. फट बुजवावी तर म्हातारा वरून खाली येत नाही. सून शेजारी खुर्ची ओढून बसली. "बारीक जोड ठेवा ना, आई."

"बारीक म्हणजे किती?"

"दोन मिलिमीटरच्या खाली गेलात तर तुटणार."

पहिला जोड दीड मिलिमीटरचा केला. कापताना पुठ्ठा ज्या पातळ, लवचीक, चिकट पाटावर बसवतात, त्यावरून सोडवतानाच तुटला. दुसऱ्या वेळी काकूंनी पुठ्ठा तसाच राहू दिला आणि पाट पालथा घालून पाटच मागे वाकवत सोलून काढला. तुकडा अखंड निघाला, पण तारेला टांगला तसा अर्ध्या तासात मान टाकून बसला. वजन सगळं त्या जोडावर.

"दोन मिलिमीटर करा की सरळ," सून म्हणाली.

"दोन केला तर थांबला नाही असं वाटेल. त्यांचा हात तिथे थांबलाय."

मग काकूंना कारखाना आठवला. एका अक्षरातून दुसऱ्यात जाताना दोरा तोडायचा नाही, पण ताणायचाही नाही, नाहीतर कापड चुरगळतं. दोरा जरा सैल, खाली झोल देऊन न्यायचा. त्यांनी जोड सरळ न नेता खाली झुकवला, उचललेलं पेन कागदाला ओझरतं घासून जावं तसा. आणि दोन तारांऐवजी तीन तारा लावल्या. दोन तारा पाटीच्या पहिल्या भागाला, आणि तिसरी थांब्यानंतर राहिलेल्या अक्षरांना. आता जोडाला वजन उचलायचंच नव्हतं. ते तारांनी आपल्यावर घेतलं होतं. थरथरही काकूंनी परत आणली, जशीच्या तशी. रविवारभर पाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेली होती, आणि घरातलं प्रत्येक माणूस तिच्यासमोरून श्वास धरून जात होतं. ती हलली नाही.

सोमवारी सकाळी मुलीने पाटी काचेमागे लावली. काकू समोरच्या फुटपाथवर उभ्या. मुलगी वर गेली. बराच वेळ कुणी आलं नाही. काकूंनी पदराचं टोक बोटाला तीनदा गुंडाळलं आणि तीनदा सोडलं. मग जिन्यावर काठीचा आवाज आला, एकेक पायरी.

घड्याळवाले काचेसमोर उभे राहिले. पाटी वाचली. मग जवळ जाऊन त्या झुकलेल्या बारीक रेघेपाशी नाक नेलं. काकूंकडे वळून म्हणाले, "चिकाटी आहे तुमची." एवढंच. आणि आत जाऊन स्टुलावर बसले. बसल्या बसल्या मुलीला म्हणाले, "ते कोपऱ्यातलं लंबकाचं घड्याळ लंगडतंय. ऐकू येत नाही तुला?"

"नाही, बाबा."

"येईल. इथे बस."

दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक व्हायचा मान काकूंनी सोडला नाही. नवऱ्याने दिलेलं मनगटी घड्याळ कैक वर्षं बंद पडलेलं होतं, ते त्यांनी काउंटरवर ठेवलं. मुलीने चिठ्ठी घेतली, भिंग डोळ्याला लावलं आणि लिहायला लागली.

"मध्ये मान वर कर," म्हातारा पुटपुटला.

मुलीने मान वर करून काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. काकूंनी चेहरा एकदम भाबडा केला. मुलीने उरलेली अक्षरं लिहून टाकली.

घड्याळ काकूंना अकराव्या दिवशी मिळालं. चालतंय उत्तम.