आईची डावी बाजू

"मावशी अर्धंच ताट जेवल्यात. डावीकडचा भात तसाच," नर्स दुसरीला सांगत होती. "आणि मला म्हणतात, भात वाढलाच नाही."

दोघी हसल्या. मी पडद्याआड उभी होते. तेवढ्यात डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले.

आईला स्ट्रोक झाला होता, म्हणजे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा थांबला होता. हातपाय वाचले. राहिलं ते 'लेफ्ट नेग्लेक्ट'. "डोळे चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. त्यांना मान वळवायची सवय लावा. किती सुधारेल, सांगता येणार नाही."

आम्ही आशागडजवळच्या पाड्यावर राहतो. आई लग्नाचे चौक लिहिते. तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेल्या या चित्राला आमच्यात 'लिहिणं'च म्हणतात, आणि तो पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. लहानपणी मी इंग्रजी शाळेतून येऊन तिच्याजवळ बसायचे. ती लगेच लिहायची काडी हातात द्यायची नाही. आधी अंगणातली कोंबडी बघायला लावायची. दाणा टिपताना तिची मान कुठे जाते, शेपूट कुठे.

आई विकायला कापडावरही चित्रं काढते. आजाराची पहिली खूण मला तिथेच दिसली. आईने काढलेल्या झाडाला फक्त उजवीकडे फांद्या होत्या. आत्या म्हणाली, "वहिनी, तू आता शहरातल्यासारखं काढायला लागलीस. अर्धं झाड, भाव मात्र पुरा." बाबाही हसले. मी आईकडे पाहिलं. डावीकडचे केस तिने विंचरलेच नव्हते.

त्याच दुपारी तिला डहाणूच्या दवाखान्यात नेलं. तुमच्या घरी कोणी असं करू लागलं, तर लहर समजून सोडून देऊ नका.

घरी आल्यावर, तिने मान वळवावी म्हणून मी तिच्या डावीकडे बसू लागले. "पोरगी कुठे गेली?" ती बाबांना विचारायची. मी तिच्या हाताला हात लावायचे.

मग तलासरीला आत्याच्या मुलीचं लग्न आलं. चौक वहिनीच लिहील, असा आत्याचा हट्ट. आई सकाळपासून भिंतीशी बसली. देवी लिहिली, घोडा लिहिला, उजवीकडे नाचणाऱ्यांची रांग. चौकाची डावी कड उघडीच राहिली. तिच्यापलीकडे नुसता गेरू.

"झाला," आई म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आत्याने डोळ्यांना पदर लावला. "छान झालाय, वहिनी." बाबांनी मला मानेने खुणावलं, राहू दे. मागाहून कोणीतरी भरून टाकलं असतं आणि आईला ते कधी कळलंही नसतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही.

"नाही आई," मी म्हणाले. "मान वळव. अजून माणसं लिहायची राहिलीत."