शेवटच्या ओळीतलं वाशीम

नानाकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मेडशीच्या घरी चुलीपुढे बसून भूमिती घोकत होते. हात पिठात, समोर डब्याला टेकवून ठेवलेलं पुस्तक आणि तोंडानं समद्विभुज त्रिकोण. वाशीमहून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरनं दारातूनच सांगितलं, “बाई, वकीलसाहेब गेले. आज सकाळी.” मला रडू आलं नाही. खरं सांगते, आधी राग आला. परीक्षा तोंडावर आलेली. या वयात, दोन लेकरांच्या आईला मॅट्रिकला बसवलं कोणी? त्यांनीच ना? आणि आता स्वतः मात्र मोकळे झाले... आज दोन महिने होत आले, पण तो राग काही उतरत नाही. वर्तमानपत्रातून त्यांच्यावर पुष्कळ छापून आलं. निःस्पृह, सत्त्वशील, नियमनिष्ठ. सगळं खरं आहे. पण त्या नियमनिष्ठेखाली कोण चेंगरलं हे कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रिठदला आमचा भाजीचा मळा. वडिलांनी वांगी-कांदे रिसोडच्या बाजारात विकून या भावाला वकील केला, आणि काकांनी त्याची परतफेड म्हणून मला वाशीमला आपल्या घरी शिकायला ठेवून घेतलं. काकूला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाडही झाले. मुलांच्या हायस्कुलात मुलगी पाठवायची पद्धत आमच्यात नव्हती. तेव्हा काका कोर्टातून आले की कोट खुंटीला अडकवून मला शिकवायला बसायचे. चुकलं तर रागवायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, “पुन्हा कर, रीतसर कर.” हा ‘रीतसर’ शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा असायचा. जेवणाची पानं रीतसर मांडायची, पत्राची घडी रीतसर घालायची. मी आणि काकू त्यांच्या पाठीमागे त्यांना रीतसरकाकाच म्हणायचो.

मी परीक्षेच्या वयाला आले त्याच सुमारास काका विद्यापीठाच्या सभेवर निवडून गेले आणि थोड्याच दिवसांत अर्थसमितीवरही. दरवर्षी थंडीत पुढल्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा कच्चा खर्डा तेच तयार करायचे. आमच्या घराला केवढी ऐट वाटायची तेव्हा! आणि माझा तर जीवच त्यात अडकला होता, कारण परीक्षेचं केंद्र होतं अकोल्याला. वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, “पोरगी आठ दिवस परक्या गावात राह्यणार नाई. वाशीमले परीक्षा ठेवा, उद्या बसवतो.” म्हणजे सगळं काकांच्याच हातात. मुलींसाठी एक वेगळी खोली, देखरेखीला एक बाई, सीलबंद प्रश्नपत्रिका आणायला एक माणूस. विद्यापीठाच्या मानानं खर्च तो काय? मला वाटलं, झालंच आता.

कशाचं होतंय! काकांनी वाशीमचं केंद्र खर्ड्यात घातलं, पण अगदी शेवटच्या ओळीत. का, तर आपल्या गावाचं काम आपणच पुढे रेटलं असं कोणी म्हणू नये. आणि सभेची रीत अशी की खर्च भागेनासा झाला म्हणजे कात्री खालून लावायची. पहिल्या वर्षी आमची ओळ गेली. दुसऱ्या वर्षी गेली. काका सभा आटोपून नागपूरहून रेल्वेनं परत यायचे, पाय धुवायचे आणि सांगायचे, “यंदा तरतूद नाई झाली.” एकदा काकू वैतागून म्हणाली, “अवो, पण ती ओळ जरा वर सरकवा ना! लिहून तर तुमीच राह्यले.” काका म्हणाले, “म्हणूनच.” बस्स, एवढंच. पुढे बोलायची सोय नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंतीशी भांडावं तसं ते.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाचे रजिस्ट्रार दौऱ्यावर वाशीमला आले आणि आमच्याकडे जेवायला उतरले. मी वाढत होते. त्यांनी मला इंग्रजीतून दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, तर त्यांचा घास हातातच राहिला. काकांना म्हणाले, “वकीलसाहेब, हिला बसवत का नाही? केंद्र मिळेल तेव्हा मिळेल. हिच्यापुरती खास परवानगी काढतो. हेडमास्तरांच्या देखरेखीखाली इथंच पेपर देईल.” माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. मी तिथंच थबकले. काकांनी पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, “आपली कृपा आहे. पण माझ्या पुतणीपुरतं नको. इतर मुलींनी काय करायचं? होईल ते सगळ्यांसाठी, रीतसर होईल.” पाहुण्यांनी मान डोलावली. काकांच्या थोरवीचा हा किस्सा पुढे ते चारचौघांत सांगत असत म्हणे. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडं असं आदळलं की वरण चुलीत गेलं. काकूनं मला जवळ घेतलं. ती पण रडत होती. त्या रात्री त्यांना ताक वाढायला दोघींपैकी कोणी उठलं नाही.

वर्षभरात माझं लग्न झालं आणि मी मेडशीला आले. घर चांगलं मिळालं, माणूस चांगला मिळाला, तक्रार नाही. पण काकांकडे जाणं मी कमी केलं. गेले तरी परीक्षा, विद्यापीठ हे शब्द दोघंही टाळायचो. ते वर्षानुवर्षं सभेला जात राहिले आणि वाशीमची ओळ वर्षानुवर्षं तळाशी राहून कापली जात राहिली.

मग लढाईच्या दिवसांत ती गंमत झाली. गंमतच म्हणायची! ऐन खर्ड्याच्या वेळी काकांना मुदतीचा ताप आला. खर्डा दुसऱ्याच सभासदानं केला. त्यानं सगळ्या ओळी आपल्या सोयीनं लावल्या, आमची कुठंतरी मध्ये पडली, आणि चर्चासुद्धा न होता मंजूर झाली! काका घरी झोपले म्हणून केंद्र मिळालं. हे ऐकून मी हसत सुटले, आणि हसता हसता रडायला लागले. सासूबाई घाबरल्याच. मात्र मंजुरीला एक अट होती. पहिल्या वर्षी निदान पाच मुली बसल्या तर केंद्र राहील, नाहीतर बंद.

आणि एक दिवस, पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालवायचे तसल्या मोटारीतून, तोंड काळंमिट्ट झालेले, तापानं वाळलेले नानाकाका आमच्या दारात उतरले. पाणी प्यायले, बसले, म्हणाले, “इंदू, चार पोरी झाल्या. एक कमी पडून राह्यली.”

मला सगळं कळलं. मी म्हटलं, “मंग?”

“तू बस.”

इतक्या वर्षांचं तुंबलेलं तोंडाशी आलं. “तवा माह्या एकटीसाठी नको होतं ना तुमाले? मंग आता एकटी मीच कायले पायजे? तवा हुशार होती, तवा डोक्यात होतं सगळं! आता जवारी-तुरीचे भाव राह्यले डोक्यात!” मी खूप बोलले. ते खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, आता म्हणतील, पोरी, चुकलं माझं. एवढं एकच वाक्य हवं होतं मला. पण काकांनी काय करावं? पिशवीत हात घातला, भूमितीचं पुस्तक काढून घोंगडीवर ठेवलं आणि म्हणाले, “हे विसरली असशीन. इथून सुरू करू.” माफी मागायची सोडून भूमिती! मी कपाळावर हात मारला. माझे मालक ओट्यावर सगळं ऐकत होते. ते तिथूनच म्हणाले, “काका, तुमी भूमितीचं पाहा. तिच्या रागाचं मी पाहतो. बसन ती.”

बसले. काकांसाठी नाही, स्वतःसाठीही नाही... त्या चार पोरींकडे पाहून बसले. त्यांचं काय चुकलं होतं? काका जमेल तसे मोटारीनं यायचे, ओट्यावर बसून शिकवायचे. दमले की डोळे मिटायचे, पण माझी चूक झाली की मिटल्या डोळ्यांनीच ‘हं’ करायचे. मी मनात ठरवून ठेवलं होतं. निकाल लागू दे, पास झाल्याचं कळू दे, मग यांच्यासमोर बसून शांतपणे विचारीन, की काका, तेव्हा तुम्ही बरोबर होतात का? काय काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं. भूमितीपेक्षा पक्कं. आणि त्याआधीच ते गेल्याचा निरोप आला.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी परीक्षेसाठी वाशीमला काकूकडे येऊन राहिले. पहिल्या दिवशी शाळेतल्या त्या खोलीत पाऊल टाकलं तर चारही पोरी झटकन उठून उभ्या राहिल्या. देखरेखीच्या बाई समजल्या मला! “बसा बायांनो, मीबी तुमच्यातलीच,” म्हटलं, तर एक फिसकन हसली आणि मग आम्ही पाचहीजणी हसलो. तेवढ्यात खऱ्या बाई आल्या आणि त्यांनी आम्हाला मोजलं. पाच. केंद्र राहिलं.

शेवटचा पेपर देऊन मी घरी आले. काकूचा दुपारी डोळा लागला होता. मी प्रश्नपत्रिका हातात घेऊन काकांच्या बैठकीत गेले. गादीवरची चादर काकूनं बदलली नव्हती. तक्क्याला डोक्याच्या तेलाचा डाग तसाच होता, चष्मा उशाशी होता. पाठ केलेलं सगळं बोलायला मी गादीसमोर उभी राहिले. पण कोणाला बोलू? तोंडातून एवढंच निघालं.

“सोपा होता पेपर, काका. तवाही सोपाच गेला असता.”