शनिवारपर्यंत ठेवून घेतलेली नोटीस

नवऱ्याची नोकरी तोक्योत, बिऱ्हाड तिथल्याच फुनाबोरीत, आणि माझं पोस्टडॉक उत्तरेकडच्या एका लहानशा शहरात. शहर आपलं कागदोपत्री. भातखाचरं थेट स्टेशनच्या कुंपणाला टेकलेली, गाडी तासाला एक. भूकंप आणि त्सुनामीला तीन वर्षं होत आली होती. लॅबमध्ये दिवस निघायचा, पण घरी मला बोलायला कोणी नव्हतं. भाजी चिरताना मी कांद्याशीही बोलून पाहिलं.

गल्लीत नोटिसांचा एक क्लिपबोर्ड घरोघर फिरायचा. वाचायचा, आपल्या चौकटीत आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पुढच्या घराच्या टपालपेटीत टाकायचा, एवढंच काम. पण शेजाऱ्यांकडे गेल्यावर हाक न मारता परत फिरायचं, हे माझ्याच्याने होईना. मी सरळ बेल दाबली. त्या घरात एक आजी एकट्याच राहत. समुद्रकाठचं त्यांचं गाव लाटेत गेलं, त्यात नवराही गेला, म्हणून इकडे आलेल्या. त्यांनी आत बोलावलं, चहा आणि मुळ्याचं लोणचं दिलं, माझ्या मोडक्या जपानीला खळखळून हसल्या. मग मला चटकच लागली. क्लिपबोर्ड कधीही येवो, मी तो शनिवारपर्यंत ठेवून घ्यायचे. सुट्टीच्या दिवशी निवांत बसता यायचं. नोटिसा वाचायच्या भानगडीत मी पडत नसे.

एका शनिवारी आजींनी वरचा कागद वाचला आणि शिक्का हातात धरून तशाच बसल्या. मार्चमध्ये त्यांच्या गावच्या कबरींच्या दर्शनाला वर्षातून एकदा बस जायची. नावं गुरुवारपर्यंत द्यायची होती. क्लिपबोर्ड माझ्याकडे सोमवारीच आला होता.

"आजी, मी फोन करते. चूक माझी आहे म्हणून सांगते."

"नको. गाडी ठरली असेल. आपल्यासाठी त्यांना त्रास कशाला?"

त्यांनी शिक्का मारला, मला चहा ओतला. 

एप्रिलमध्ये गल्लीचे प्रमुख क्लिपबोर्ड फिरवायच्या घरांची नवी यादी घेऊन आले. माझं घर आता सगळ्यात शेवटी होतं. माझ्यानंतर क्लिपबोर्ड थेट प्रमुखांच्याच पेटीत टाकायचा होता.

"तुम्हाला वाचायला वेळ लागतो ना," ते अदबीने म्हणाले, "तुमची धावपळ नको, म्हणून आजींनीच सुचवलं."

मी कमरेत वाकून त्यांचे आभार मानले.