टॉवेलाखालचा हात

तानाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जतच्या बाजारात एका खोंडाचे दात बघत होतो. पलीकडे त्याची बायको सुमन रडत होती आणि मी विचारलं, "कुणी केलं?" कुणीच काही केलं नव्हतं. चार दिवस न झोपलेला माणूस मोटारसायकल घेऊन सुटला आणि म्हसवडजवळ उभ्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. पण माझा स्वभावच तसा. बैलांच्या व्यापारात मी शून्यातून उभा राहिलो. शिंगं तासून वय लपवलेलं जनावर लांबून ओळखतो. कुणाच्या पहिल्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

तानाजी माझा भागीदार, माण तालुक्यातला. आमच्या धंद्यात सौदा टॉवेलाखाली होतो. दोघं हातात हात घेतात, वरून टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. तोंड खोटं बोलेल, हात बोलणार नाही, हे त्याला मीच शिकवलं. त्याच्यात मात्र दोन माणसं होती. एक अख्खा बाजार विकत घ्यायला निघायचा; दुसरा महिनाभर गोठ्यात तोंड लपवून बसायचा. मी त्याला लहरी म्हणायचो. मधे एक वर्ष तो पुष्कळ सरळ वागला, पण त्याचा हात कापायला लागला. बारीकच... टॉवेलाखाली तेवढंही पुरतं. मी चारचौघांत भडकलो.

"हात का कापतोय रं? समोरच्याला सगळं कळतंय की! असला हात घिऊन बाजारात यायचं न्हाई. बांगड्या भर आन् घरी बस."

"थंडी हाय, आण्णा," तो हसत म्हणाला. चैत्रातली दुपार होती. मला दारूचा संशय आला.

दोन-तीन महिन्यांत हात गार, स्थिर झाला. मी पाठ थोपटली, "आता झालास पक्का व्यापारी!" त्याच्या कपड्यांना उग्र वास यायचा. बिडी बदलली असेल म्हणून सोडून दिलं... सात वर्षं सोडून दिलं. लहरी मात्र दाट होत गेल्या. पूर्वी वर्षाआड यायच्या, मग दर हंगामात. हात तेवढा शांत, म्हणून माणूसही ठीक, असं मी धरून चाललो.

बाराव्याला लोकांकडून गांजाचं कानावर आलं. मी सुमनला गाठलं. "कोन पुरवत हुतं? नाव सांग. तू लपवलंस माझ्यापासनं."

"नाव घिऊन काय करताय, आण्णा? गांजा वडल्यावर गप ऱ्हायचे, मलाबी बरं वाटायचं." तिनं फळीवरून गोळ्यांची जुनी पाकिटं काढली. "डोक्यासाठी सांगलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या हुत्या. त्यानंच हात कापायचा. डॉक्टर म्हनलं हुतं, या, कमी-जास्त करू. पर तुमी 'घरी बस' म्हनला... ह्यांनी गोळ्याच बंद केल्या."

मी सांगलीला जाऊन डॉक्टरांशीही भांडलो. ते म्हणाले, "गांजानं घटकाभर शांत वाटतं. पण ज्याचं मन मुळातच वर-खाली होतं, त्यानं वर्षानुवर्षं ओढला तर तोल आणखी जायची भीती असते. तो आलाच नाही हो परत." मी म्हटलं, मग मानगूट धरून का नाही आणलात? त्यांनी मला पाणी दिलं. पुरवणाऱ्यावरचा, डॉक्टरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. सुमननं मला का सांगितलं नाही, हे मात्र आता विचारत नाही.

तिनं त्याचा टॉवेल मला दिला. धुतला, तरी वास जात नाही. परवा बाजारात तोच टाकून एका म्हाताऱ्याशी सौद्याला बसलो. त्याचा हात कापत होता. पूर्वी असा हात सापडला की मी भाव पाडत न्यायचो. यावेळी बोटं दाबायची राहूनच गेली. हात तसाच धरून विचारलं, "मामा, गोळ्या चालू हायत न्हवं?"

म्हातारा दचकला. "व्हय... तुला कुनी सांगितलं?"