पाहुण्यांचा माठ

पाइपच्या दुकानात गोष्टी फार साचतात. औषधाच्या दुकानातलं गिऱ्हाईक घाईत असतं, कापडाच्या दुकानातलं भाव करण्यात गुंतलेलं. पाइपवाल्याकडे मात्र माणूस शेताचं माप सांगायला येतो, माप सांगता सांगता विहिरीवर येतो आणि विहिरीवरून घरात शिरतो. अकोल्यात माझं पाइपांचं आणि शेततळ्यात अंथरायच्या प्लास्टिकचं दुकान. तिथं पुण्याहून मृणालताई यायला लागल्या आणि आमच्या गप्पांत एकदम सगळं जग आलं.

हवामान बदलाशी झगडायला श्रीमंत देश गरीब देशांना जो पैसा देतात, तो गावापर्यंत पोचतो का, हे ताईंचं संशोधन. ते दिवस वऱ्हाडाला वाईट होते. सकाळी पेपर उघडायची धास्ती वाटायची. पैसा येऊन राहिला म्हटल्यावर मी ताईंना खुर्ची दिली, चहा सांगितला.

त्यांनी वही उघडली. "काका, यातलं आजवर तुमच्यापर्यंत काय पोचलं?"

मी म्हटलं, "तुमीच पयल्या."

* * *

शकीलभाई माझे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने दोस्त. त्यांचं गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात. तिथं विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारट ते खारटच. पावसाचं गोड पाणी साठवायला गावाला एक मोठं तळं हवं होतं. ताईंनी खटपट करून गावाचा अर्ज परदेशातल्या एका फंडाकडे पोचवला. उत्तर आलं, की अशा तळ्याचा तुमच्या गावाला फायदा झाला हे आधी दाखवा, मग तळ्याचा विचार करू.

ताईंनी हे जमेल तितक्या सोप्या भाषेत समजावलं. शकीलभाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"समजलं," ते म्हणाले. "पोरगं पास झालं का मंग त्याले शाळेत घालाचं."

* * *

मग अमरावतीला एका हॉटेलात वर्कशॉप झालं. विषय होता, वाढत्या उन्हाशी शेतकऱ्यानं कसं जुळवून घ्यावं. बाहेर मे महिना, आत एसी असा की पडद्यावरच्या आलेखांनाही हुडहुडी भरावी. शकीलभाई कानाला दुपट्टा गुंडाळून मागच्या रांगेत बसले. शेवटी कोणीतरी त्यांच्या हातात माइक दिला आणि अनुभव सांगा म्हणालं.

"उन्हाशी आमचं जमते साहेब. या थंडीसाठी काही योजना असंन तर सांगा."

भाषांतर पोचलं तसं पहिल्या रांगेत एक बाई मोठ्यानं हसली. ती फंडाची परदेशी मॅडम होती. हे गाव मला पाहायचंय, असं तिनं तिथंच ताईंना सांगितलं.

* * *

मॅडम आल्या. गावात पाहुणा आला की रुकमाबाईच्या घरीच उतरतो; सगळ्या गावाची ती मावशी. खारपाणपट्ट्यातल्या बऱ्याच घरांत असतात तसे तिच्याकडेही दोन माठ. मोठ्यात गावचं खारं पाणी, घरच्यांसाठी. लहान्यावर पितळी झाकण. त्यात पट्ट्याबाहेरच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेलं गोड पाणी, फक्त पाहुण्यांसाठी.

मॅडम धीट होत्या. सोबत आणलेली पाण्याची बाटली बाजूला ठेवून त्यांनी रुकमाबाईच्या हातचं पाणी घेतलं. आवडलं. परत मागून घेतलं!

पुढे त्यांचा शेरा आला. अर्जाला जोडलेला प्रयोगशाळेचा अहवाल काहीही म्हणो, गावचं पाणी मी स्वतः प्यायले आणि ते उत्तम आहे. तळ्याची निकड दिसत नाही.

ताई तो शेरा घेऊन दुकानात आल्या. शकीलभाई आले, त्यांनी शेरा ऐकला आणि पाइपांच्या ढिगावर बसकण मारली.

"शेठ, दुष्कायानं नाही मारलं आमाले. मावशीच्या पाहुनचारानं मारलं."

* * *

ताई हिकमती. मॅडमनी निकाल द्यायच्या आधी आणखी एकदा यावं, एवढं त्यांनी कबूल करून घेतलं. आता सगळं गाव रुकमाबाईच्या मागे लागलं, की या वेळी मोठ्या माठातलं पाणी द्या. म्हातारी ऐकेना.

"पाहुन्याले खारं पानी? माया हातानं होनार नाही."

"मावशी, तळं हातचं जाते," शकीलभाई काकुळतीला आले.

"जाऊ दे."

त्या दिवशी मीही गेलो होतो. मॅडम ओसरीत बाजेवर बसल्या, शेजारी फाइल घेऊन त्यांच्या ऑफिसचे एक साहेब. रुकमाबाई गिलास घेऊन आत वळली. शकीलभाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. पितळी झाकणाशी ती थांबली. मग पुढे झाली आणि मोठ्या माठात गिलास बुडवला.

"मांगच्या बारीले तू पाहुनी होती," ती मॅडमना म्हणाली. "आता फिरून आली. घरची झाली. घरच्याले घरचं पानी."

ताईंनी भाषांतर केलं. मॅडमनी घोट घेतला. त्यांनी गिलासात पाहिलं, मोठ्या माठाकडे पाहिलं, मग रुकमाबाईकडे. आणि सगळा गिलास संपवला.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. तोवर रुकमाबाईनं रिकामा गिलास घेऊन मॅडमच्या हातात एक घागर दिली होती.

"चाल मंग पोरी. गोडं पानी आनाले जाचं हाय."

भाषांतर व्हायच्या आधीच मॅडमनी बूट चढवले. साहेब गाडीची किल्ली घेऊन मागे धावले. मॅडमनी मागे न पाहता हातानंच नको म्हटलं आणि घागर कमरेवर घेऊन त्या म्हातारीच्या पावलावर पाऊल टाकत निघाल्या.