एकट्याचा कळप

वेत कोरडा असला की वळत नाही, मोडतो. म्हणून वेतकाकांच्या दुकानात पाण्याची एक लांबट टाकी कायम भरलेली असे, आणि तिच्या कडेला स्टुलावर काका. माणसं बसून बसून खुर्च्यांच्या बैठकी खाली आणतात. काका त्या पुन्हा विणून देतात. कधीही डोकवा, दुकानात दहाबारा खुर्च्या मांडलेल्या आणि बसलेलं कोणी नाही. मागे एक खोली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक दूर नोकरीला. काका कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाला लोक चांगला म्हणतात आणि विसरून जातात.

एकदा ते माळापलीकडच्या घरी खुर्ची पोचवून परत येत होते. माळावर मेंढरं चरत होती. काका आपले कडेकडेने चालले होते, तेवढ्यात एक काळंपांढरं कुत्रं पोट जमिनीला टेकवत पुढे आलं. भुंकलं नाही, नुसतं बघितलं. काका डावीकडे सरकले, तर ते डावीकडे. उजवीकडे सरकले, तर ते आधीच तिथे. असं करत त्यानं काकांना थेट कळपाच्या मध्ये नेऊन उभं केलं आणि जीभ बाहेर काढून समोर बसलं.

मेंढरं राखणारी बाई लांबून हसत आली. "हवालदार, सोड! अरे, ते माणूस आहे!"

काकांना राग यायला हवा होता. पण चहूबाजूंनी ऊबदार अंगं घासत होती, आणि काकांच्या मनात आलं, आपण बाहेर राहिलोय हे आज कुणाच्या तरी लक्षात आलं.

"हे कुत्रं द्याल मला?" त्यांनी विचारलं.

बाईनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "द्यायचंच आहे. कळप एक आणि कारभारी दोन. ह्याचं आणि ह्याच्या भावाचं रोज भांडण. पण दादा, ही जात मांडीवर बसणारी नाही. पोटाला कमी चालेल, कामाला कमी चालत नाही. घरात कोण कोण आहे?"

"आहेत की," काका म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांचे कान लाल झाले.

"ठेवून बघा थोडे दिवस. नाही जमलं तर आणून सोडा. त्यात लाज नाही. न जमणारं कुत्रं बांधून ठेवण्यात आहे."

काकांनी कसूर केली नाही. गुडघा कुरकुरत असतानाही उजाडायच्या आत हवालदाराला घेऊन ओढ्यापर्यंत जायचे. चेंडू आणला. हवालदारानं तो एकदा आणून दिला, आणि पुन्हा फेकल्यावर काकांकडे असं बघितलं, जसं भातुकलीतला भात वाढल्यावर मोठी माणसं बघतात. मग तो काम शोधू लागला. स्टुलावर बसलेल्या काकांभोवती चक्कर मारायचा. पण एकटा माणूस तर बसल्या जागी गोळा झालेलाच असतो! हवालदार दोन चकरा मारून थांबायचा आणि दारात जाऊन रस्त्याकडे बघत बसायचा. बाकीचे कधी येणार?

बाकीचे येईनात, तेव्हा त्यानं नाकानं ढकलत ढकलत सगळ्या खुर्च्या एका कोपऱ्यात कोंबल्या. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग हवालदार रस्त्यावर उतरला.

"वेतकाका!" समोरच्या शिंपीणबाई ओरडत आल्या. "तुमचं कुत्रं माझी गिऱ्हाइकं तुमच्याकडे हाकतंय! माप द्यायला आलेल्या बाईनं आता काय खुर्ची विणून घ्यायची?"

काका हसू लागले.

"हसा, हसा. पण आज एका म्हातारीच्या टाचेला दात लावले त्यानं. लागलं नाही, पण घाबरली बिचारी. बांधा त्याला."

काकांनी बांधला. बांधलेला हवालदार ओरडला नाही. डोळे उघडे ठेवून पडून राहिला आणि स्वतःचा पुढचा पाय चाटू लागला. चाटता चाटता केस गेले, मग कातडी लाल झाली. काका मलम लावायचे, तो चाटून काढायचा.

लेकीचा फोन आला. "बाबा, तुमच्यासारखं शांत कुत्रं घ्या की एखादं. दिवसभर झोपणारं."

"झोपायला मी आहे की," काका म्हणाले. ह्यानंच मला आधी बोलावलं होतं, हे काही त्यांना लेकीला सांगता आलं नाही.

मग एका दुपारी दुकानात गर्दी झाली. एक गिऱ्हाईक जोडप्यानं आलं, वेत देणारा आला, शिंपीणबाई काकांच्या धारेच्या दगडावर कात्री घासायला आल्या. काकांनी दार लावून घेतलं आणि दोरी सोडली. हवालदार सरसर फिरला. कुणाला गुडघ्याशी ढोसून, कुणाला नुसत्या नजरेनं, त्यानं सगळ्यांना टाकीपाशी आणलं. काकांनाही. सगळे हसत होते, एकमेकांना धक्के देत होते. हवालदाराच्या डोळ्यांत माळावरची चमक आली होती. पायाची त्याला आठवणही नव्हती.

मग वेत देणारा निघाला. मग जोडपं. मग शिंपीणबाई. दर वेळी दार उघडलं की काका पट्टा धरायचे, आणि हवालदार मान वर करून त्यांच्याकडे बघायचा: जाऊ देताय?

दुसऱ्या दिवशी काकांनी टाकीत वेत भिजत घातला नाही. हवालदाराला घेऊन माळावर गेले.

बाईनं पायाची जखम पाहिली, काकांकडे पाहिलं. "घरात कोण कोण आहे म्हणाला होतात?"

"कोणी नाही," काका म्हणाले.

तिनं हवालदाराला जवळ ओढलं. "ह्याचा भाऊ घाटाखालच्या कळपावर दिलाय मी. हा राहील इथे." तिनं पट्ट्याची दोरी सोडली. हवालदार बाणासारखा सुटला, पांगलेली मेंढरं एका वळणात गोळा झाली. काका बघत उभे राहिले. मग पाठ फिरवून निघाले.

थोडं गेले असतील, तर मागे गवत सळसळलं. हवालदार पोट टेकवून पुढ्यात आला. काका डावीकडे सरकले, तो डावीकडे. काकांनी फार अडवलंही नाही. त्यानं त्यांना कळपात नेऊन उभं केलं. काकांनी एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. बाईनं घाई केली नाही. काठीवर हनुवटी टेकून ती दुसरीकडे बघत राहिली.

शेवटी काकाच म्हणाले, "बाई, ह्याला जरा धरून ठेवता का? मला जायचंय."

तिनं हवालदाराचा पट्टा घट्ट धरला, आणि काका कळपातून बाहेर पडले.